बोरवाडीच्या ढिगातली भाकरी

त्या दिवशी ऊन असं पडलं होतं की गोदावरीच्या वाळूकडं बघवत नव्हतं. नदीत पाणी डबक्यापुरतं. सकाळी थोडा वारा होता, उन्हं वर आली तसा तोही कुठंतरी सावली धरून बसला. चैत्र सरत आला होता आणि आम्ही चौघं सोपानच्या बैलगाडीतून बोरवाडीच्या जत्रेला निघालो होतो. सोपाननं बैलांच्या पाठीवर ओली पोती टाकली होती. बाबूभाई म्हणाला, "सोपान, एक पोतं माज्या बी पाठीवर टाक रं! मी काय तुजा बैल न्हाई का?"

पण बोरवाडीचं शेवटी सांगतो. त्याच्या आधीचं बरंच आहे.

जत्रेतून लोक रेवड्या आणायचे, पोरांना पिपाण्या आणायचे. आम्ही चौघं किस्से आणायचो. रेवड्या त्याच रात्री संपायच्या. किस्से कोनाड्यात टाकल्यासारखे पडून राहिले, एकावर एक. आता पारावर कुणी येऊन बसलं आणि एक काढायला गेलो, की खालचे चार आपोआप सरकून बाहेर येतात.

चौघं म्हणजे कोण, ते सांगतो. मी एक. मला सगळे तात्या म्हणायचे. दुसरा माझा शेजारी रंगनाथ. त्याच्या माझ्या अंगणात शेराचं कुंपण, तेही कमरेएवढं. तिसरा सोपान, गाडी-बैल त्याचे, आणि खाण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. चौथा बाबूभाई. पेठेत सायकली दुरुस्त करायचा. साखळीला घालायचं तेल हा जिभेला लावतो, असं लोक म्हणायचे. गाव आमचं पुणतांब्याजवळ, नदीच्या काठाला.

आणि आमच्याकडच्या जत्रेची रीत अशी, की आमटी देवळापुढं काहिलीत शिजते, पण भाकरी घराघरांतून येतात. प्रत्येक बाई आपल्या चुलीवर चार-पाच थापून दुरडीत घालून पाठवते. देवळापुढं धोतर अंथरून सगळ्या गावच्या भाकरींचा एकच ढीग घालतात. तिथं कोण कुठला विचारत नाहीत. बसला, त्याला पत्रावळ मिळते. म्हणून तर आमचं जमलं!

*

सुरुवात झाली ती रंगनाथच्या घरी. दिवाळी होऊन गेली होती. त्यानं आम्हा तिघांना वांग्याच्या भाजीला बोलावलं. त्याची बायको चंद्रभागा चुलीपुढं बसून गरम गरम वाढत होती. रंगनाथच्या ताटात पडली ती भाकरी नेमकी कडेला जळकी. चारचौघांत माणसाला जास्तच सुचतं. त्यानं भाकरी उचलून आम्हाला दाखवली आणि म्हणाला, "ही भाकर हाय का गवरी?"

बाबूभाई हसला. मीही हसलो असेन. सोपाननं मात्र ताट पुढं केलं. "वयनी, रंगाला गवरी नको असंल तर इकडं टाका!"

चंद्रभागेनं ती भाकरी उचलून सोपानच्या ताटात घातली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती माहेरी गेली.

माहेर बोरवाडीला, कोपरगावच्या अंगाला. गाडीबैलानं अर्ध्या दिवसाची वाट. आठ दिवसांनी तिचा निरोप आला, "न्यायला या, मंग येते." रंगनाथ म्हणाला, "मी काय घालवायला गेल्तो का, आनायला जाऊ?"

झालं. दोघंही आपापल्या जागी घट्ट.

रंगनाथनं मग स्वतः भाकरी थापायला घेतली. पहिली भाकरी परातीतून उचलायलाच आली नाही. दुसरी तव्यापर्यंत गेली. ती त्यानं खाल्ली नाही, कुत्र्याला घातली. कुत्र्यानं हुंगली, मान वर केली आणि कुंपणावरून माझ्या घराकडं बघायला लागलं.

रंगनाथ मला म्हणाला, "तात्या, जवळपास कुठं जत्रा हाय का हो?"

*

पहिली निघाली ती चंपाषष्ठी. शेजारच्या गावी खंडोबाचं देऊळ, तिथं वांग्याचं भरीत आणि रोडगा. सोपान दोन दिवस आधीपासून पोट मोकळं ठेवत होता.

पंगत बसली. सोपानचा दुसरा रोडगा निम्म्यावर आला होता, तेवढ्यात आमच्या गावचा एकजण धापा टाकत आला. "सोपान, ऊठ! नाशकाला तुमच्या भावकीतला म्हातारा गेला. सुतक हाय तुला!"

आता हे सगळ्यांनाच माहीत. घरात मयत झालेली असो, नाहीतर मूल जन्मलेलं असो, सुतक काय आणि सोयर काय, दहा दिवस त्या माणसानं देवाच्या पंगतीला बसायचं नाही. त्याच्या चुलीवरचं देवाला चालत नाही. भाकरी गोळा करणारे त्या दारावरून दुरडी तशीच पुढं नेतात.

वाढपी थांबला. पुजाऱ्यानं सोपानकडं बघितलं. सोपाननं आधी रोडग्याकडं बघितलं, मग भरिताकडं, आणि मग त्या निरोप्याकडं.

"तू मला अजून काय बी सांगितलेलं न्हाईस," तो म्हणाला. "लांबून आलाईस. जा, पानी पी, जरा सावलीत टेक. आनि मंग सावकास येऊन सांग!"

सगळी पंगत पुजाऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. म्हातारा पुजारी देवाकडं तोंड करून म्हणाला, "खंडेरायाला आलीकडं कमी ऐकू येतंय. पन आटप लवकर."

*

माघात गुऱ्हाळाला गेलो. कोपरगावच्या बाजूचा ऊस तेव्हाही कारखान्यालाच जायचा, पण एखादा जुना माणूस हौसेनं गुऱ्हाळ लावायचा आणि पहिल्या दिवशी आल्यागेल्याला रस पाजायचा. जत्राच ती, देव नसलेली. रंगनाथनं हे गुऱ्हाळ कुठून हुडकून काढलं कोण जाणे. वाटेवर थांबलं की बोरवाडीच्या देवळाचा कळस दिसायचा.

चरकाला बैल जुंपलेला. तो फिरायचा, रस पडायचा, सोपान प्यायचा. मालक मोठ्या मनाचा. तो म्हणत राहिला, "घ्या पाव्हनं, लाजू नका." सोपान लाजणाऱ्यातला नव्हताच.

बऱ्याच वेळानं बैल अचानक थांबला. मालकानं हाकारलं, पाठीवर थाप मारली, बैल हलेना. उभा राहून सोपानकडं बघतोय.

मालक म्हणाला, "कवा अडत न्हाई हो ह्यो. आज काय झालं?"

बाबूभाई म्हणाला, "अडला न्हाई. सकाळधरनं ह्यो फिरतोय आनि त्यो पितोय. बैल इचारतोय, पाळी कवा बदलायची?"

आम्ही हसतोय तर रंगनाथ जागेवर नाही. बघतो तर रस्त्याच्या कडेला उभा. सरपणाचा भारा घेऊन एक बाई चालली होती, तिला विचारत होता, "बोरवाडीच्या का तुमी? समदं बरं हाय ना तिकडं?"

बाई थांबली. "कुनाचं?"

रंगनाथ गडबडला. "न्हाई... आपलं... गावाचं."

त्या दिवसापासून बाबूभाई सकाळी दुकान उघडायच्या आधी आमच्या आळीत यायचा आणि रंगनाथच्या दारातून ओरडायचा, "काय रं, गावाचं बरं हाय ना?"

*

मग चैत्र आला. बोरवाडीची जत्रा चैत्रातच असते. सोपाननं गाडीला वंगण घालून ठेवलं. बोरवाडीची आमटी नावाजलेली होती. पण रंगनाथ म्हणाला, "सासुरवाडीच्या पंगतीत बिनबोलावता बसू व्हय? लोक काय म्हनतील? त्यापरास आपन राजूरला जाऊ." आणि खरोखर, बोरवाडीची जत्रा ज्या दिवशी, त्याच दिवशी त्यानं आम्हाला एसट्या बदलत बदलत राजूरच्या डोंगरात नेलं. सोपान अकोले येईपर्यंत तोंड फुगवून बसला.

राजूरच्या पलीकडं एका वाडीत जत्रा होती. माणसं गरीब, पण हात मोठा. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. ज्या घरी आम्हाला जेवायला नेलं तिथली म्हातारी निघताना म्हणाली, "लांबून आलासा. घरच्यांसाठी बांधून देते. घरी कोन कोन हाय सांगा."

बाबूभाईनं आई, बायको आणि तीन पोरं सांगितली. खरं सांगितलं. सोपाननं बायको, पोरं, थोरला भाऊ, भावजय, त्यांची पोरं सांगितली आणि शेवटी म्हणाला, "आनि पवळ्या आनि ढवळ्या."

"ती कोन, धाकटी का?"

"न्हाई, बैल हायती."

म्हातारीनं बैलांच्याही दोन बांधल्या! मग तिनं रंगनाथला विचारलं. रंगनाथनं सोपानच्या गाठोड्याकडं बघितलं. मग म्हणाला, "बायको." तिनं एक भाकरी वेगळ्या पानात बांधून त्याच्या हातात दिली.

परतताना एसटीत सोपानच्या घरातली निम्मी माणसं संगमनेरच्या आतच संपली. मग त्यानं हळूच विचारलं, "रंगा, वयनी तर न्हाईत घरी. त्यांची भाकर मी खाऊ का?"

रंगनाथ खिडकीबाहेर बघत म्हणाला, "वाळू दे."

ती भाकरी पुढं कितीतरी दिवस त्याच्या शिंक्यात टांगलेली मी कुंपणावरून बघत होतो. मुंग्यांनी नेली तेवढी नेली.

*

आखाडात तिचा भाऊच गाठ पडला. त्या साली आखाड आला तरी आभाळ कोरडं. तरी एका गावानं देवीला बोकड केलाच, पाऊस पडावा म्हणून. आम्ही पंगतीला बसलो, आणि बाबूभाईच्या पलीकडं जो माणूस येऊन बसला तो दशरथ, चंद्रभागेचा थोरला भाऊ. म्हणजे मधे बाबूभाई, अलीकडं रंगनाथ, पलीकडं त्याचा मेव्हणा.

दोघांनी एकमेकांना बघितलं आणि दोघंही पत्रावळीकडं बघायला लागले. रस्सा आला. जरा वेळानं दशरथ म्हणाला, "बाबूभाई, त्यांना इचारा, तब्येत बरी हाय का."

रंगनाथ म्हणाला, "बाबूभाई, त्याला सांगा, माजं काय बिगडलं न्हाई."

"बाबूभाई, त्यांना सांगा, आमच्या बहिनीचं बी काय बिगडलं न्हाई. पन कुनी न्यायला आलं तर आमचं दार उघडं हाय."

"बाबूभाई, त्याला सांगा, दार उघडं हाय तर जानाराला बी वाट हाय."

"बाबूभाई, त्यांना म्हनावं, भाकरीला गवरी म्हनलेलं बाईमानूस इसरत न्हाई."

"बाबूभाई, त्याला म्हनावं..."

बाबूभाईनं दोन्ही हात वर केले. "आरं, मला जेवू द्या! घरी माजी बायको हाय, सासू हाय, मेव्हना हाय. माज्याच घरची भांडनं ऱ्हायलीत, तुमची कुटं घेऊ?"

पंगत हसली. ते दोघंही हसले, पण एकमेकांकडं न बघता. उठताना दशरथ माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात बोलला. "तात्या, तुमी शेजारी म्हनून सांगतो. पुढल्या आमच्या जत्रेपतूर वाट बघनार. मंग तिला धाकट्याकडं पुन्याला धाडनार. एकदा तिकडं गेली की परत यायची न्हाई."

मी ते रंगनाथला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या." पण घरी पोहोचल्यावर गाडीतून उतरायचं विसरला. सोपान बैल सोडून वैरण टाकून आला, तरी हा जुवाकडं बघत गाडीतच बसलेला.

*

पाऊस आला नाही. ते बहात्तरच्या दुष्काळाचं साल सगळ्यांना माहीत आहे, मी काय सांगावं? जत्रा कमी झाल्या. सोपाननं बैल विकले नाहीत, आपलं खाणं कमी केलं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. रेशनवर मिलो मिळायचा, परदेशची तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, भाजल्यावर विटेसारखी दिसायची. सुगरण असो नाहीतर नवी नवरी असो, मिलोनं सगळ्या बायका एका रांगेत आणून बसवल्या होत्या.

चैत्रात बोरवाडीकरांनी ठरवलं, जत्रा करायचीच, पण घरटी दोन भाकरी आणि पातळ आमटी. ही बातमी बाबूभाईनं आणली. त्या दिवशी रंगनाथनं पहाटेच अंघोळ करून धुतलेला सदरा घातला आणि सोपानच्या दारात जाऊन उभा राहिला. सोपाननं बैल जुंपले. ऊन कसं होतं ते वर सांगितलंच आहे.

बोरवाडीत पोहोचलो. पंगत बसली. वाढप्यानं रंगनाथच्या पत्रावळीवर भाकरी ठेवली. त्यानं ती उचलली, उलटी केली, सुलटी केली आणि खाली ठेवली. मग पंगतीतून उठला आणि सरळ ढिगाकडं गेला.

ढिगाशेजारी बसलेला म्हातारा म्हणाला, "पाव्हनं, पंगतीत मिळंल की! बसा जाग्यावर."

रंगनाथ ऐकेना. गुडघे टेकून बसला आणि एकेक भाकरी उचलून बघायला लागला. सगळ्या तांबड्या, सगळ्या चिरलेल्या. लोक बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "दुष्काळानं डोकं फिरलं वाटतं."

बाबूभाई त्याच्या कानाशी जाऊन म्हणाला, "रंगा, मिलोच्या भाकरीत बाईचा हात कुटं दिसतो रं! ऊठ, हसं करून घेऊ नको."

रंगनाथनं एक भाकरी वर काढली. उन्हाकडं धरून बघितली. "हीच," म्हणाला. उपरण्यात गुंडाळली आणि चालायला लागला. आम्ही तिघं पत्रावळी तशाच टाकून त्याच्या मागं. सोपानसुद्धा! सोपाननं भरली पत्रावळ सोडल्याचं मी आयुष्यात एवढंच बघितलं.

दशरथचं घर देवळामागच्या गल्लीत. सगळं गाव जत्रेत, आणि हा आपल्याच ओट्यावर एकटा बसलेला. दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचलेला. आतून बाळंतशेपांच्या धुरीचा वास येत होता आणि तान्हं मूल रडत होतं. आमचं कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. आम्ही रंगनाथच्या उपरण्याकडं बघत होतो.

चंद्रभागा दारात आली. वाळली होती जराशी. रंगनाथ पायरीखाली थांबला. त्यानं उपरणं सोडलं आणि भाकरी दोन्ही हातांनी पुढं केली.

"ही तुज्या हातची," तो म्हणाला. "समद्या गावच्या ढिगातनं वळखून काढली."

दशरथनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. चंद्रभागेनं त्याच्याकडं एकदा बघितलं. त्यानं तोंड मिटलं.

तिनं भाकरी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. कड बोटानं चाचपली. आम्ही उन्हात उभे. सोपान माझा दंड धरून होता.

"व्हय," ती म्हणाली. "माजीच हाय."

मग आत गेली आणि गाठोडं घेऊन बाहेर आली.

गाडीत ती मागं बसली, रंगनाथ पुढं. नदी ओलांडली. मग सोपान खाकरला. "वयनी, मी अजून उपाशी हाय." चंद्रभागेनं भाकरी मोडली. अर्धी सोपानला दिली, उरलेल्या अर्धीचे तुकडे आम्हा चौघांत वाटले, म्हणजे तिच्यासकट. रंगनाथनं खाल्ला, पाणी प्याला आणि म्हणाला, "मिलोची असून बी मऊ हाय."

*

पुढं हा किस्सा गावोगावी गेला. आम्ही कुठल्याही जत्रेत बसलो की कुणीतरी विचारायचं, "त्यो बायकोची भाकर वळखनारा तुमच्यातला कोन?" रंगनाथ मग सरसावून बसायचा. "कडंला तिच्या आंगठ्याची खूण असती," तो सांगायचा. "दुसऱ्याला दिसायची न्हाई. मला दिसती." एका गावात त्याच्यापुढं बायकांनी दुरड्या आणून ठेवल्या, आमच्या नवऱ्यांना शिकवा म्हणून! भाकरीला नाव ठेवताना मात्र त्याला पुन्हा कुणी ऐकलं नाही.

सोपान गेला, बाबूभाईही गेला. रंगनाथ आहे. त्याला आता कमी दिसतं, पण किस्सा तेवढाच लांब सांगतो.

परवा संध्याकाळी तो ओट्यावर बसून पाहुण्यांना तेच सांगत होता, ढिगापासून आंगठ्यापर्यंत. माझी बायको गेल्यापासून चंद्रभागा रोज कुंपणावरून मला दोन भाकरी देते. तशी ती द्यायला आली. मी म्हणालो, "वयनी, काही म्हना, रंगनाथसारखी नजर कुनाची न्हाई. एवढ्या तांबड्या ढिगातनं तुमची भाकरी काढायची म्हंजे!"

तिनं एकदा ओट्याकडं बघितलं. मग पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "भावजी, त्या दिशी आमच्या घरात सोयर हुतं. दादाचं पोरगं चारच दिसाचं. आमच्या चुलीवरची एकबी भाकर जत्रेला गेली न्हवती. ह्यांना सांगू नका."